मुकुटबनचे बारा मॉनिटर

शुक्रवार, १२ सप्टेंबर. मुकुटबन, विहारामागची अभ्यासिका.

हजर: मी. गफ्फारचाचा, पांढरकवड्यात माझ्या दुकानाला लागून त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पुष्पाताई, अंगणवाडी सेविका, ही अभ्यासिका त्याच चालवतात. ललिता, जवळच्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर राहणारी, वय सव्वीस, अभ्यासिकेत रोज येणारी. बारा जुने चौकोनी मॉनिटर. बारा नवे छोटे संगणक, प्रत्येक पत्त्यांच्या जोडाएवढा.

गैरहजर: वीज. ती साडेदहाला आली.

माझ्या वहीतली प्रत्येक नोंद अशीच सुरू होते. तारीख, जागा, माणसं, यंत्रं. लोक हसतात, हसू देत. पांढरकवड्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत "काल तर चालत होतं हो" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की काल तिथं कोण होतं आणि कशाला काय लावलं होतं, हे लिहिलेलं नसेल तर माझा कुणावरच विश्वास बसत नाही.

संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलं. धंदा कसा वाढला ते मी लिहिणार नाही, कारण तो वाढलेला नाही. दुकानात नवा माणूस आला की अजूनही माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारतो, "भाऊ नाईत का?" मी सांगते, "भाऊ घरी भाकरी टाकून राह्यले. तुमचं काय बिघडलं ते दाखवा." निम्मे हसतात. निम्मे "उद्या येतो" म्हणतात आणि खरंच उद्या येतात, कारण इथून वणीपर्यंत जुन्या मॉनिटरला हात लावायला दुसरं कुणी तयार नसतं. मॉनिटर नेला की बाकीचे एकच सांगतात: फेका आणि नवा घ्या.

या वाक्याशी माझं भांडण आहे आणि ते मी मिटवणार नाही. मला नव्याचा राग नाही. नवा मॉनिटर हलका असतो, दिसायला सुंदर असतो, मीही विकते. पण जी वस्तू रोज सकाळी नीट उजळते, तिला केवळ नव्या संगणकाची तार बसत नाही म्हणून भंगार म्हणायचं, हे मला पटत नाही. तार बसत नसेल तर तो तारेचा प्रश्न आहे.

ज्यांना या कामाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या मॉनिटरची तार निळ्या तोंडाची आणि पंधरा टाचण्यांची असते. दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळायचे, मग ती बैलानं ओढली तरी निघत नाही. तिच्यातून चित्र लहरीसारखं जातं. आजच्या छोट्या संगणकाला चपटं, अरुंद भोक असतं आणि त्यातून चित्र आकड्यांच्या रूपात येतं. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक डबी लावतात, तिला सगळे कन्व्हर्टर म्हणतात. मी तिला दुभाष्या म्हणते. मुकुटबनच्या बाजारात मराठी, तेलुगू, कोलामी अशा तीन-तीन भाषांत सौदे होतात, त्यामुळे तिथं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुभाष्या असला म्हणजे काम झालं असं नसतं. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत सांगायचं ते त्याला यायला हवं, त्याच्या पोटात काही असायला हवं, आणि ऐकणाऱ्याचं उत्तर त्यानं परत आणून द्यायला हवं.

पहिल्या दोन गोष्टी मला राजूरच्या वजनकाट्यावर शिकायला मिळाल्या. कोळशाचे ट्रक तोलायचा काटा. तिथला मोठा संगणक धुळीनं मेला होता आणि मालकानं छोटा आणला होता. त्याच्यासोबत आणलेल्या कन्व्हर्टरनं चित्र आलं नाही, म्हणून दुसरा आणला. त्यानंही आलं नाही, म्हणून तिसरा. मी गेले तेव्हा रस्त्यावर ट्रकांची रांग होती, ड्रायव्हर लोक खाली उतरून सल्ले देत होते आणि काट्यावरचा बाबू मॉनिटरला टपल्या मारत होता.

"मारून राह्यले कायले त्याले?" मी विचारलं.

"तीन डब्या लावल्या मॅडम. तिन्ही डुप्लिकेट."

तिन्ही अस्सल होत्या. फक्त उलट्या होत्या. जुन्या संगणकाचं चित्र नव्या टीव्हीवर नेणाऱ्या. दिसायला दोन्ही डब्या बहिणी-बहिणी, पण एक कोलामीतून मराठीत सांगणार आणि दुसरी मराठीतून कोलामीत. उलटी डबी कितीही ठोकली तरी बोलत नाही. मी माझ्याकडची लावली, तर चित्र यायचं आणि लुकलुकायचं. ती डबी उपाशी होती. छोट्या संगणकाच्या त्या चपट्या भोकातून फार थोडी वीज मिळते आणि काही डब्यांना तेवढ्यात भागत नाही. संगणकाच्या बाकीच्या खाचा कोळशाच्या धुळीनं बुजलेल्या होत्या, म्हणून मॉनिटरची पिन होती त्याच विजेच्या बोर्डात मी मोबाईलचा चार्जर लावला आणि डबीला तिथून वीज दिली. ट्रक हलले. त्या संध्याकाळी मी माझ्या कामाच्या यादीत एक ओळ वाढवली: "कन्व्हर्टरला वीज बाहेरून द्यावी." ही ओळ लक्षात ठेवा, असं मी वाचकांना सांगत नाही. मीच ती नको तितकी लक्षात ठेवली.

ऐकणाऱ्याचं उत्तर परत आणायचं म्हणजे काय, ते केळापूरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला शिकवलं. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक चिठ्ठी असते. मी एवढा रुंद, एवढा उंच, यापेक्षा मोठं चित्र मला झेपत नाही. संगणक सुरू होताना ती चिठ्ठी मागतो. दुभाष्यानं ती आणलीच नाही तर संगणक अंदाजानं चित्र पाठवतो. कधी ते मॉनिटरला पेलत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसती सूचना फिरत राहते. कधी पेलतं, पण आकार बिघडतो.

गुरुजींच्या मुलानं पुण्याहून छोटा संगणक पाठवला होता. मी तो त्यांच्या चौकोनी मॉनिटरला जोडून दिला. दोन दिवसांनी गुरुजी दुकानात आले.

"बाई, माणसं लांबुळकी दिसून राह्यली."

"थोडंफार चालते गुरुजी. जुना मॉनिटर आहे."

ते गेले. आठवड्यानं परत आले. छत्री दाराशी टेकवली, बाकावर बसले आणि म्हणाले, "नाई चालत. माही बायको एवढी लुकडी कधीच नव्हती. अडतीस वर्षं पाह्यली मी."

त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. संगणकावर ते दुसरं काही करतच नव्हते, फक्त त्यांचे फोटो बघत होते. रुंद चित्र चौकोनात कोंबल्यामुळे सगळी माणसं दोन्ही बाजूंनी दाबली जात होती. मी त्यांच्या घरी गेले, संगणकाच्या सेटिंगमध्ये हातानं माप लिहिलं, १०२४ बाय ७६८, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. गुरुजी खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "हं. आता बरोबर आहे." मी "चालते" म्हणून त्यांना आठवडाभर चुकीची बायको बघायला लावली. त्यानंतर "चालते" हा शब्द मी दुकानात वापरत नाही.

आता मुकुटबन.

पुष्पाताईंच्या अभ्यासिकेला शहरातल्या एका संस्थेनं हे बारा छोटे संगणक दिले होते. मॉनिटर मिळाले बंद पडलेल्या एका संगणक क्लासमधून. भरतीच्या परीक्षा आता संगणकावर होतात. ज्या मुलीनं माऊस कधी धरलेला नाही तिची पहिली दहा मिनिटं बाण शोधण्यातच जातात. ललिताचं मागच्या खेपेला तेच झालं होतं. त्यानंतर तिनं कपाशीच्या बियाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला होता, सगळी अक्षरं जागच्या जागी, आणि ती त्यावर बोटं चालवत बसायची. मी तो पुठ्ठा पाहिला. एंटरच्या जागी पुठ्ठ्याला भोक पडलं होतं.

संस्थेचे साहेब यंत्रं आणि त्यांचे कन्व्हर्टर बसवायला ऑगस्टमध्ये आले होते. बारांपैकी सहा पडद्यांवर चित्र आलं, तेही थरथरतं. साहेबांनी मॉनिटर भंगार आहेत असं सांगितलं. म्हणाले, नवे आणा, नाहीतर १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी मी येईन आणि यंत्रं दुसऱ्या गावाला देईन, यादीत गावं पुष्कळ आहेत. तोवर चालणाऱ्या सहावर दोघी-दोघी बसा.

पुष्पाताई मला हे सांगत होत्या तेव्हा ललितानं खाली बघूनच म्हटलं, "मी विचारलं त्याईले, परीक्षेत दोघींले एका मशीनवर बसू देतात का?"

"मग काय म्हणाले?"

"मोबाईल पाह्यला त्याईनं."

नवे बारा मॉनिटर आणणं त्यांना शक्य नव्हतं आणि मला ते मान्य नव्हतं. मी पिशवी उघडली. गफ्फारचाचांनी दोन मॉनिटरांची पाठ काढून आतले फुगलेले भाग बदलले. बाकीचं काम माझं. प्रत्येक संगणकात हातानं माप लिहिलं. प्रत्येक कन्व्हर्टरला, राजूरच्या ओळीप्रमाणे, मॉनिटरच्या बोर्डावरून चार्जरनं वीज दिली. खोलीतल्या वस्तूंचीही यादी केली: बोर्ड दोन, पंखे तीन, स्टॅबिलायझर एक, चांगल्या स्थितीत. चार वाजता बाराच्या बारा पडदे स्वच्छ उजळले होते. मी फोटो काढला. भिंतीवर सूचनांचा कागद लावला. एक, आधी मॉनिटर सुरू करावा. दोन, नंतर संगणक सुरू करावा. परतीच्या बसमध्ये मी जरा ताठ बसले होते, हे कबूल करते.

शनिवारी सकाळी पुष्पाताईंचा फोन.

"ताई, सगळे काळे."

"किती?"

"सगळे म्हंजे बारा. काल तर चालत होते."

ते वाक्य. मी विचारलं, कुणी हात लावला? कुणीच नाही. कागदावरच्या क्रमानं केलं का? त्या म्हणाल्या, "कागद वाचला मी. पण ताई, या संगणकाले..." मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. एका संगणकाची पिन काढून परत लावायला सांगितली. लावली. चित्र आलं. बारा पिना काढून लावल्या, बारा चित्रं आली. "पाहा," मी म्हटलं, "क्रमानं केलं की येते."

रविवारी सकाळी पुन्हा बारा काळे. सोमवारी पुन्हा. सोमवारी मी फोनवर जे बोलले ते मला लिहायला आवडत नाही, पण नोंद खरी असावी. मी म्हटलं, "पुष्पाताई, दोन ओळींचा कागद आहे. तो वाचायला काय हरकत आहे?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "वाचता येते मले. पंधरा वर्षं रजिस्टर लिहून राह्यली मी." आणि फोन ठेवला.

मी सरळ गफ्फारचाचांकडे गेले. ते एका टीव्हीच्या आत डोकं घालून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि डोकं बाहेर न काढताच म्हणाले, "आपण जायच्या आधी किती चालत होते म्हणतेस?"

"सहा."

"और अब?"

"एकही नाही."

"म्हंजे बिमारी तूच नेली बेटी."

मला राग आला. पण हिशेब बरोबर होता. सहा चालत होते, मी दुरुस्त केले, आता शून्य चालत होते. मी वही उघडून सगळ्या नोंदी तपासायला लागले. चाचांनी हात पुढं करून वही मिटवली. "उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. तू हात नाही लावायचा. पेन नाही, पेचकस नाही. ती बाई रोज सकाळी जे करते ते करू दे. आपण बघायचं. पेशंट झोपेतून कसा उठतो ते पाह्यल्याशिवाय डॉक्टरले काय समजते?"

मंगळवार, १६ सप्टेंबर. मी आणि चाचा अभ्यासिकेच्या मागच्या बाकावर, हात मांडीवर. पुष्पाताईंनी कुलूप काढलं. माझ्याकडे बघितलं नाही. खोली झाडली, बुद्धमूर्तीसमोर फुलं ठेवली, हात जोडले. मग दाराशेजारचा मोठा स्विच वर केला. रोज संध्याकाळी त्या तो खाली करतात, कारण या भागात वीज कडकडली की यंत्रं जळतात. शहाणपणाची सवय आहे.

स्विच वर जाताच बारा छोट्या संगणकांचे बारा हिरवे दिवे लागले. या संगणकांना चालू-बंदचं बटणच नसतं. वीज मिळाली की ते सुरू होतात. पुष्पाताई शनिवारी फोनवर मला हेच सांगत होत्या: या संगणकाले बटण कुठं आहे? माझ्या कागदाची दुसरी ओळ पाळणं कुणालाच शक्य नव्हतं. मी स्वतः मात्र सवयीनं पिन काढून लावत होते आणि त्याला "सुरू करणं" म्हणत होते.

मॉनिटर अजून बंदच होते. एकाचाही दिवा लागलेला नव्हता. मी चाचांकडे पाहिलं, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खूप वेळानं, खरं तर तीनेक मिनिटांनी, कोपऱ्यातून आवाज आला. टक. बारा मॉनिटर एकदम जागे झाले आणि सगळ्यांवर तोच काळा पडदा.

आवाज स्टॅबिलायझरचा होता. माझ्या यादीतला, चांगल्या स्थितीतला.

"हे इथं कोणी लावलं?" चाचांनी विचारलं.

"मी," पुष्पाताई म्हणाल्या. "भावाच्या घरचा फ्रिज गेला, त्याचा होता. इथं व्होल्टेज लय वरखाली होते. संगणक नवे आहेत, त्याईचे चार्जर सोसतात. पण हे मॉनिटर जुनी माणसं. त्याईले सांभाळा लागते ना, म्हणून त्याईचा बोर्ड तेवढा याच्यावर."

चाचांनी मान हलवली. "बराबर केलं बाई तुम्ही."

खरंच बरोबर केलं होतं. फ्रिजचा स्टॅबिलायझर वीज आली की लगेच पुढं सोडत नाही, थोडा वेळ धरून ठेवतो, म्हणजे फ्रिजच्या यंत्राला धक्का बसत नाही. तेवढ्यात आमचे संगणक उठून बसत, "पडदा आहे का कुणी?" म्हणून विचारत, आणि उत्तर आलं नाही की चित्र पाठवणं बंद करून टाकत. एकदा बंद केलं की पुन्हा विचारत नसत. आधी सहा तरी का चालत होते? कारण तेव्हा कन्व्हर्टर संगणकाच्या तुटपुंज्या विजेवर का होईना, जागे असत आणि "आहे" म्हणून खोटं-खरं सांगत. मी आले, त्यांना पोटभर जेवण लावून दिलं, पण ते मॉनिटरच्या बोर्डावरून. म्हणजे स्टॅबिलायझरच्या पलीकडून. आता उत्तर द्यायच्या वेळी दुभाषेही झोपलेले असत. बाराच्या बारा.

आणि शुक्रवारी माझ्या हातून सगळं चाललं, कारण वीज साडेदहाला आली होती. मी पिशवी उघडेपर्यंत स्टॅबिलायझर कधीच टक करून मोकळा झाला होता. शिवाय मी नेहमी आधी मॉनिटर लावते. माझी शिस्त इतकी चांगली होती की बिघाड मला कधी दिसलाच नसता.

मी उठले आणि पुष्पाताईंना म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही बटणाचं सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

"जाऊ द्या ताई," त्या म्हणाल्या. "पण कागद काढून टाका तो. पोरी वाचतात अन् मले विचारतात, बटण कुठं आहे."

मी कागद काढला.

दुरुस्ती सोपी होती. कन्व्हर्टरच्या तारा चार्जरमधून काढून संगणकाच्याच बाजूच्या रिकाम्या खाचांत घातल्या. इथं कोळशाची धूळ नव्हती, मी हे पहिल्याच दिवशी करू शकले असते. आणि प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये एक ओळ वाढवायची: पडद्यानं उत्तर दिलं नाही तरी तो आहे असं धर आणि चित्र पाठवत राहा. पहिली ओळ मी लिहिली. दुसऱ्या यंत्रापाशी ललिता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी टाइप करू का?"

"एक अक्षर चुकलं तर चालणार नाही."

"तुम्ही पाहा की मग."

उरलेल्या अकराही ओळी तिनं लिहिल्या. मी फक्त वाचत गेले. एकही अक्षर चुकलं नाही. पुठ्ठ्यावर शिकलेली बोटं होती ती, खऱ्या कीबोर्डवर जरा जास्त जोरानं पडत होती, एवढंच. स्टॅबिलायझर होता तिथंच ठेवला. मग पुष्पाताईंनी मोठा स्विच तीन वेळा खाली-वर केला आणि तिन्ही वेळा आम्ही चौघांनी त्या टकची वाट पाहिली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. संस्थेचे साहेब अकराला आले. सोबत गाडी होती आणि गाडीत रिकामी खोकी. त्यांनी ती लपवली नाहीत, हे मला आवडलं.

"मॅडम, चालवून दाखवता?" त्यांनी मला विचारलं.

"मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "रोज जे चालवतात ते दाखवतील."

पुष्पाताईंनी सगळं बंद केलं, थोडं थांबल्या आणि स्विच वर केला. हिरवे दिवे लागले. पडदे काळे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं.

"काय झालं? येत नाही ना?"

"थांबा सर," पुष्पाताई म्हणाल्या. "म्हातारे आहेत. उठू द्या."

टक. पहिला उजळला, मग चौथा, मग एकदम पाच-सहा. बारावा सगळ्यात शेवटी. साहेब प्रत्येक पडद्याजवळ जाऊन वाकून बघत होते. चित्र थरथरत नव्हतं. माणसं दाबलेली नव्हती. बारा मुली येऊन बसल्या, एकेका यंत्रावर एकेक, आणि सराव परीक्षा सुरू केली. ललितानं साहेबांकडे न बघता पहिलं उत्तर दिलं.

साहेबांनी कागदावर सही केली. यंत्रं मुकुटबनला राहिली. चहा आला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची ती सूचनांची यादी मला द्या. इतर गावांना पाठवतो."

"ती यादी चुकीची होती. फाडली. नवी करते आहे."

"तरी पण. मागच्या वर्षी केळापूरकडच्या एका गावात आम्ही दहा यंत्रं दिली होती. तिथंही असंच झालं."

"मग?"

"कपाटात आहेत."

"अन् मॉनिटर?"

त्यांनी कप खाली ठेवला. वयानं लहान माणूस, पण खोटं बोलला नाही. "मीच भंगारात द्यायला सांगितले."

मी वही काढली. गावाचं नाव लिहून घेतलं. भंगारवाला कुठला ते विचारलं. त्यांना नाव माहीत नव्हतं, पांढरकवड्याचा असावा एवढंच म्हणाले. पांढरकवड्याचे भंगारवाले मला सगळे ठाऊक आहेत, कारण त्यांच्या अंगणातून उचललेले भाग घालून चाचांनी आणि मी किती मॉनिटर उभे केले ते मोजायचं सोडून दिलंय.

तिसऱ्या अंगणात सापडले. पत्र्याखाली, पोत्यांच्या मागं, सात. मालक म्हणाला, "मॅडम, काच आहे, कोणी घेत नाई, पडून आहेत." सातही दुकानात आणून लावून पाहिले. सहा तत्काळ उजळले, एकाला चाचांचे दोन तास लागले. आता सात आहेत. त्या गावात यंत्रं दहा आहेत. दहाला सात लावून तिघींना "तोवर दोघी-दोघी बसा" असं मी सांगणार नाही. ते वाक्य मुकुटबनला एकदा सांगून झालंय आणि त्यावर ललितानं विचारलेला प्रश्नही मी ऐकलाय.

दुसरे तीन आणून दे, असं चाचा म्हणतात. ते आणता येतील, नाही असं नाही. पण जे तीन चालत होते आणि चालत असतानाच बाहेर फेकले गेले, तेच मला परत हवे आहेत. भंगारवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ते उन्हाळ्यात वणीच्या एका गाडीवाल्यानं इतर मालासोबत नेले. गाडीवाल्याचा नंबर त्यानं दिला. चार दिवस झाले, फोन वाजतो, कुणी उचलत नाही. हा मजकूर संपादकांकडे देते आहे आणि सोमवारी सकाळच्या बसनं वणीला जाते आहे.